नव्या बोल्ट ॲक्शन रायफलीला जुना ट्रिगर बसवून घेताना

हाताला सवयीचा झालेला ट्रिगर नेमबाज सहजासहजी सोडत नाही. त्यामुळे जुनी रायफल निकालात काढून नवी घेतल्यावर ‘जुना ट्रिगर हिला बसेल का?’ हा प्रश्न ठाणे आणि नवी मुंबईतल्या परवानाधारक क्रीडा नेमबाजांना हमखास पडतो. १९६२ मध्ये बाजारात आलेल्या रेमिंग्टन ७०० या रायफलीचा ट्रिगर दोन आडव्या पिनांवर टांगलेला असतो. पुढे अनेक उत्पादकांनी, काहींनी तर .२२ बोअरच्या रायफलींमध्येही, हीच बैठक उचलल्यामुळे जुना ट्रिगर नव्या रायफलीत सरकतो आणि पिनाही बसतात. मात्र पिना बसल्या एवढ्यावरून ट्रिगर जुळला असे समजू नये.

हे काम कोणी करायचे, हे आधी स्पष्ट असावे. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार बंदुकीची दुरुस्ती किंवा तिच्यात फेरफार करण्यासाठी वेगळा परवाना लागतो आणि बाळगण्याच्या परवान्यात तो येत नाही. म्हणून पिना काढण्या-घालण्याचे काम परवानाधारक गनस्मिथच्या टेबलावरच व्हावे, मालकाने आधीची जुळणी आणि नंतरच्या चाचण्या समोर उभे राहून पाहाव्यात. रायफल कारखान्यात ठेवावी लागली, तर शस्त्राचा क्रमांक लिहिलेली पावती घेतल्याशिवाय तिथून निघू नये.

जुळणी पाहताना व्हर्नियर कॅलिपरने तीन मापे घ्यावीत: दोन पिनांमधले अंतर, पिनांची जाडी आणि ट्रिगरच्या पेटीची रुंदी. मापे जुळली तरी दोन ठिकाणी गाडी अडू शकते. पहिले ठिकाण बोल्ट (काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणारा दांडा) सोडण्याच्या खटक्याचे. मूळ ७०० मध्ये हा खटका ट्रिगरच्या पेटीलाच जोडलेला आणि ट्रिगरच्या पुढे असतो, तर अनेक नव्या रायफलींत तो ॲक्शनच्या (बोल्ट ज्यात सरकतो त्या धातूच्या सांगाड्याच्या) डाव्या बाजूला स्वतंत्र असतो. अशा रायफलीत जुन्या ट्रिगरवरची पट्टी निरुपयोगी ठरते आणि दस्त्याच्या खाचेत घासण्याचीही शक्यता असते. दुसरे ठिकाण सेफ्टीचे. रेमिंग्टनने १९८२ पर्यंत सेफ्टी लावली की बोल्टही कुलूपबंद होईल अशी रचना ठेवली होती. त्या काळासाठी बनलेल्या ट्रिगरवर बोल्ट अडवणारी पट्टी असते आणि नव्या बोल्टला तिच्यासाठी खाच नसेल, तर ती घासते किंवा अडते. ही पट्टी कानस मारून ‘जमवून’ देणारा कारागीर भेटला, तर रायफल घेऊन सरळ घरी यावे.

तुमचा जुना ट्रिगर मूळ वॉकर रचनेचा असेल, म्हणजे ट्रिगर आणि सिअर (ट्रिगर दाबेपर्यंत फायरिंग पिन अडवून धरणारा तुकडा) यांच्यामध्ये जोडपट्टीचा सुटा तुकडा असेल, तर माझे मत स्पष्ट आहे: तो बसवू नये. त्या फटीत कचरा किंवा घट्ट झालेले तेल अडकले, तर सिअरची पकड अपुरी राहू शकते. नवा म्हणून निर्धास्त राहावे असेही नाही, कारण २००६ नंतरच्या एक्स-मार्क प्रो ट्रिगरांतही चिकटद्रव्याचे प्रमाण जास्त झाल्याच्या कारणावरून रेमिंग्टनने २०१४ मध्ये ते परत मागवले होते.

आपल्याकडच्या दमट हवेत, विशेषतः पावसाळाभर फोमच्या पेटीत पडून राहिलेल्या ट्रिगरमध्ये तेलाचा पिवळट, चिकट थर साचलेला असतो आणि सिअरच्या कडेवर तो भिंगातून स्पष्ट दिसतो. लायटरच्या पेट्रोलने तो धुऊन काढावा, पूर्ण वाळवावा आणि पुन्हा तेल घालू नये. पेटी बाहेरून पुसण्यापुरता तेलाचा हात पुरे आहे.

प्रत्यक्ष काम तसे लहान आहे. मॅगझिन काढून चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने तपासावे, बोल्ट काढावा, दस्त्याचे स्क्रू सोडवून ॲक्शन बाहेर घ्यावी. मूळ रेमिंग्टनमध्ये मागची पिन बोल्टच्या अटकावालाही धरून ठेवते. त्यामुळे पुढची पिन पूर्ण काढली, तरी मागची ट्रिगर सुटण्यापुरतीच सरकवावी, नाहीतर अटकावाची नखाएवढी स्प्रिंग उडते आणि फरशीवर शोधत बसावे लागते. जुना ट्रिगर चढवल्यावर पिना पितळी पंचाने हलकेच ठोकाव्यात. जोर लावावा लागला, तर मापात काहीतरी चुकले आहे.

खरा वेळ चाचण्यांना द्यावा. रायफल रिकामी आणि नळी सुरक्षित दिशेला असावी. .२२ मध्ये फायरिंग पिन चेंबरच्या कडेवर आपटू नये म्हणून झाडलेले रिकामे काडतूस किंवा डमी घालावी, मात्र ती जिवंत नाही याची खात्री आधी करून घ्यावी. पहिल्यांदा बोल्ट हळू, मग झपाट्याने आणि जोराने, किमान वीस वेळा बंद करावा. एकदाही फायरिंग पिन बोल्टबरोबर पुढे सरकली, तर सिअरची पकड अपुरी आहे आणि ट्रिगर उतरवावा लागेल. पुढे सेफ्टी लावून ट्रिगर जोराने दाबावा, सोडावा आणि मग सेफ्टी काढावी. या क्षणी ‘टक्’ असा आवाज आला, तर रायफल वापरायची नाही. शेवटी सेफ्टी काढलेली आणि रायफल कॉक केलेली (फायरिंग पिन मागे ओढून अडकवलेली) ठेवून ॲक्शनला मागून आणि बाजूंनी रबरी हातोडीने ठोके द्यावेत, त्याने फायरिंग पिन सुटू नये. दस्ता बसवून स्क्रू उत्पादकाने दिलेल्या टॉर्कवर आवळल्यानंतर या तिन्ही चाचण्या पुन्हा कराव्यात, कारण लाकडी दस्ता सेफ्टीच्या खटक्याला टेकला की उघड्या ॲक्शनमध्ये चोख चाललेला ट्रिगरही बिघडतो.

ट्रिगरच्या वजनाच्या, म्हणजे तो ओढायला लागणाऱ्या जोराच्या बाबतीत हाव धरू नये. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) ३०० मीटर स्टँडर्ड रायफलसाठी किमान १५०० ग्रॅमची अट आहे, ५० मीटर रायफलला अशी किमान मर्यादा नाही. मर्यादा नाही म्हणून जुन्या, झिजलेल्या सिअरवर स्प्रिंग ढिली करत जाणे हा धोका आहे. ट्रिगर गेजने सलग काही वेळा ओढून पाहावे. वजनाचे आकडे बरेच वरखाली होत असतील, तर स्प्रिंगचा स्क्रू फिरवण्याआधी सिअरची कड तपासून घ्यावी. लाखेने बंद केलेला सिअरच्या पकडीचा स्क्रू गनस्मिथखेरीज कोणी हलवू नये.

रेंजवर जाताना परवान्याची मूळ प्रत सोबत असावी. पहिली दहा-पंधरा काडतुसे एकेक करून, मॅगझिन न भरता झाडावीत आणि त्या दिवशी सेफ्टीच्या भरवशावर भरलेली रायफल खाली ठेवू नये. घरी आल्यावर दोन्ही पिनांची टोके ॲक्शनच्या दोन्ही बाजूंना बसवताना होती तिथेच आहेत का हे बोट फिरवून पाहावे. एखादी बाहेर डोकावत असेल, तर रायफल परत गनस्मिथकडे न्यावी.