पेठांतली रात्रीची भूतफेरी: या चुका टाळा

रात्री नऊ वाजता दहा जणांना घेऊन शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजासमोर उभं राहायचं आणि तेव्हा कळायचं, की वाडा केव्हाच बंद झालाय. पुण्याच्या पेठांतल्या बऱ्याच भूतफेऱ्या इथेच फसतात. शनिवारवाडा हे केंद्रीय पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे. तिकीट काढून आत जायची वेळ दिवसाची असते. अंधारात हिंडायला आत कुणी सोडत नाही, आणि रखवालदाराशी हुज्जत घालून तर फेरीची सुरुवातच कडू होते.

शिवाय आत गेलात तरी नारायणराव पेशव्याच्या खुनाची ‘ती खोली’ सापडणार नाही. १८२८च्या आगीत वाडा जळाला. आता आत आहेत ती जोती, हौद, कारंज्यांच्या जागा आणि भोवतीचा तट. म्हणून फेरीचे दोन भाग करा. दुपारी चारच्या सुमाराला तिकीट काढून आत जा, पाऊण तास जोत्यांवरून फिरा, हजारी कारंजं बघा, तटावर चढून खालचा पसारा डोळ्यांत साठवा. मग बाहेर चहा घ्या. अंधार पडल्यावर त्याच तटाला बाहेरून वळसा घालत गोष्ट सांगा. दिवसा पाहिलेली मोकळी जोती डोक्यात असली, की रात्री तटापलीकडचा वाडा ऐकणारा मनातच उभा करतो.

दुसरी चूक घड्याळाची. ‘संध्याकाळी सात’ ही वेळ बारा महिने चालत नाही. पुण्यात डिसेंबरच्या सुरुवातीला सूर्य सहाच्या आसपास मावळतो, जूनअखेर सव्वासातच्या आसपास. डिसेंबरात सातला चांगला काळोख झालेला असतो, तर जूनमध्ये त्याच वेळी माणसं उन्हाकडे पाठ करून भुताची गोष्ट ऐकत असतात. त्या दिवसाचा सूर्यास्त बघा आणि त्यानंतर अर्ध्या ते पाऊण तासाने पहिली गोष्ट सुरू करा. दहाच्या आत संपवा. गणेशोत्सवाचे दिवस पूर्ण टाळा. तेव्हा पेठांतले रस्ते माणसांनी भरलेले असतात, अनेक ठिकाणी वाहतूक वळवलेली असते आणि दहा जणांचा गट दहा मिनिटांत विखुरतो.

पौर्णिमा साधायचा हट्टही नको. ‘काका, मला वाचवा’ ही हाक पौर्णिमेच्या रात्री ऐकू येते असं काही जण सांगतात, काही जण अमावास्येचं नाव घेतात. रस्त्यावरच्या दिव्यांपुढे चांदणं तसंही दिसत नाही, आणि त्या रात्री तटाभोवती हौशी मंडळींची गर्दी मात्र होऊ शकते.

आता खरी मोठी चूक. तिच्यावर जरा सविस्तर लिहायला हवं, कारण सगळी फेरी तिच्यावर उभी असते: नारायणरावाचा खून चुकीचा सांगणे.

बहुतेक सांगणारे सुरुवात करतात, ‘ती अमावास्येची काळी रात्र होती...’ नव्हती. खून झाला ३० ऑगस्ट १७७३ला, भाद्रपद शुद्ध त्रयोदशीला, भरदुपारी. दुसऱ्या दिवशी अनंत चतुर्दशी. म्हणजे वाड्यात उत्सवाचे दिवस होते, माणसांची ये-जा होती, लख्ख उजेड होता. थकलेल्या पगाराची ओरड करत गारदी, म्हणजे पेशव्यांचे भाडोत्री शिपाई, आत घुसले. त्यांच्या म्होरक्यांत सुमेरसिंग होता. पेशवा अठरा वर्षांचा. तो पळत चुलत्याकडे, रघुनाथरावाकडे गेला आणि त्याला मिठी मारून त्याने ती हाक मारली. तुळाजी पवाराने त्याला ओढून काढलं. चापाजी टिळेकर हा सेवक धन्याला वाचवायला त्याच्या अंगावर पडला आणि त्याच्याबरोबर मारला गेला. हे असंच, एकही विशेषण न जोडता सांगा. सणाच्या दुपारी, भरल्या घरात, सख्ख्या चुलत्याच्या मिठीतून ओढून मुलाला मारलं, यापेक्षा भीतिदायक रात्र कुणाला रचता येणार नाही.

‘ध’चा ‘मा’ सांगताना ती लोकांत रुजलेली कथा म्हणूनच सांगा. रघुनाथरावाच्या चिठ्ठीतला ‘धरावे’ त्याच्या बायकोने, आनंदीबाईने, ‘मारावे’ केला असं म्हणतात. ‘म्हणतात’ हा शब्द गाळू नका. त्यापुढे पेशव्यांचे न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांचा भाग आवर्जून घ्या, कारण त्यांनी रघुनाथरावाला दोषी धरलं, आणि गोष्टीला वजन येतं ते त्यामुळे.

याच ठिकाणी आणखी एक घोटाळा होतो. वाड्यातून पडून मेलेला पेशवा तो हाच, असं ऐकणाऱ्यांपैकी कुणीतरी म्हणतं आणि सांगणाराही मान डोलावतो. तो सवाई माधवराव, नारायणरावाचा मुलगा. बापाच्या खुनानंतर जन्मलेला, ऑक्टोबर १७९५मध्ये वाड्यातून खाली कोसळून एकविसाव्या वर्षी गेलेला. दोघांना एकत्र करू नका. नारायण दरवाजाशी बापाची गोष्ट संपवा. त्याचा देह इथून बाहेर नेला, म्हणून दरवाजाला हे नाव पडलं असं सांगतात. मग चार पावलं चालून मुलाची गोष्ट सुरू करा. बाप अठराव्या वर्षी, मुलगा एकविसाव्या, आणि तट तोच.

पुढच्या थांब्यांवरही नावं आणि दगड यांची गल्लत होते. लाल महालाशी उभं राहून ‘याच भिंतींनी शाइस्तेखानाची बोटं तुटताना पाहिली’ असं सांगू नका. ५ एप्रिल १६६३चा छापा खरा, पण मूळ महाल राहिलेला नाही. आजची इमारत विसाव्या शतकातली आहे. सदाशिव पेठेतला खुन्या मुरलीधर हे नाव ऐकून लोक भूत शोधायला लागतात. तिथे भूत नाही. मूर्तीवरून गद्रे सावकारांचे अरब पहारेकरी आणि पेशव्यांच्या चाकरीतले शिपाई यांच्यात झालेल्या रक्तपाताने देवाला ते नाव चिकटलं. हीच गोष्ट सांगा, ती पुरते. गणेश पेठेतल्या डुल्या मारुतीचंही तसंच: पानिपतात मराठे पडले तेव्हा मूर्ती डुलली अशी श्रद्धा आहे. ती कुजबुजत्या आवाजात सांगितली की अंगावर काटा येतो, पण तो थांबा या फेरीपासून लांब पडतो, म्हणून चालता चालता सांगून टाका.

आणि ‘भुयारं’. पेठांखालून सिंहगडापर्यंत भुयार जातं, त्यात गेलेला परत येत नाही, हे प्रत्येक आळीत ऐकायला मिळतं. पेठांखाली खरोखर काय आहे ते सांगितलंत तर ऐकणारे जास्त थरारतात: नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावाचं पाणी शनिवारवाड्यापर्यंत आणणारा बांधीव नळ. त्याला वाटेत हवा खेळती ठेवायला ठेवलेले उंच झरोके, त्यांचं नावच उच्छ्वास. जमिनीखाली श्वास घेणारं पुणं आपल्या पायांखाली आहे, एवढं वाक्य पुरे. कुठे झाकण किंवा तोंड दिसलं तर उचलून आत डोकावू नका. कोंडलेल्या जागेतली हवा घातक असू शकते.

भुतांची नावं चुकवणं ही खास मराठी फेरीत खटकणारी चूक. सगळ्यांना पांढऱ्या साडीतला ‘आत्मा’ करून टाकलं की आजीच्या गोष्टींत वाढलेला श्रोता तिथेच तुटतो. मुंज झाल्यावर सोडमुंजीआधी गेलेला मुलगा तो मुंजा, त्याची जागा पिंपळ. समंध हा वासना अडकलेला, बहुतेकदा पुरलेल्या ठेव्याची राखण करणारा; जुन्या वाड्यांच्या गोष्टी त्याच्याच. हडळ ही बाळंतपणात गेलेली बाई. चकवा माळावर, रानात वाट चुकवतो, त्याला बोळात आणू नका. गिऱ्हा पाण्यातला, आणि तो कोकणचा. मुठेच्या काठी त्याला उभा केलात तर गटातला मालवणचा माणूस लगेच अडवेल. पेठांत शोभतात ते मुंजा आणि समंध. मुंजाबाचा बोळ तर नावानिशी आहे. पार दिसला की थांबा, पण पारावर चढू नका. तिथे रोज दिवा लावणारं कुणीतरी असतं.

आता चालण्याचं गणित. दहा माणसं आणि एक शेपटीला चालणारा, याहून मोठा गट करू नका. बोळात माणसं एकामागे एक चालतात, त्यामुळे पंधरा जण झाले की शेवटचा माणूस पोचेपर्यंत पुढच्याची गोष्ट अर्धी झालेली असते. आवाज न चढवता सांगितलेलं रस्त्याच्या गोंगाटात तीन-चार मीटरपलीकडे नीट पोचत नाही. ध्वनिवर्धक गळ्यात अडकवणं हा त्यावरचा उपाय नव्हे. गूढ गोष्ट कर्ण्यातून येऊ लागली की ती जाहिरात वाटते, शिवाय रात्री दहानंतर उघड्यावर त्याला कायद्याने बंदीच आहे. थांबताना ऐकणारे भिंतीच्या बाजूला दोन ओळींत आणि सांगणारा त्यांच्यासमोर, अशी रचना ठेवा. आवाज भिंतीवर आपटून परत येतो आणि श्रोत्यांच्या पाठीमागून रिक्षा जात नाही. रस्त्यावर लक्ष ठेवणं शेपटीच्या माणसाचं काम.

दिल्ली दरवाजा, तटाचा वळसा, नारायण दरवाजा, लाल महाल, कसबा गणपती, मग नाना वाडा, विश्रामबाग वाडा आणि शेवटी खुन्या मुरलीधर, हे साधारण दोन-अडीच किलोमीटर होतं. सात-आठ थांबे, प्रत्येकी पाच-सहा मिनिटं, एकूण पावणेदोन तास. एका थांब्यावर दहा मिनिटं झाली की माणसं फोन काढतात. लांबलेली गोष्ट तोडायची असेल तर उरलेली पुढच्या थांब्यावर सांगेन म्हणा. चालताना होणारी कुजबुज फेरीच्याच कामाची.

उजेडाबाबत सगळ्यांचं एकच चुकतं: प्रत्येक जण फोनचा दिवा लावतो. डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि एक पांढरा झोत ते सगळं क्षणात पुसून टाकतो. एकच विजेरी ठेवा, पिवळट उजेडाची, आणि ती फक्त पायांपुढे मारा. सांगणाऱ्याच्या हनुवटीखालून तोंडावर मारायची नाही. पायांत बंद चपला किंवा बूट हवेत. फुटलेल्या फरश्या, चेंबरची वर आलेली झाकणं आणि पावसाळ्यात शेवाळलेल्या पायऱ्या यांनी होणारा घोटाळा भुताहून जास्त असतो.

मध्येच काय बिघडतं आणि तेव्हा काय करायचं, तेही आधी ठरवा. कुत्री भुंकत आली तर पळू नका आणि दिवा त्यांच्यावर रोखू नका. गट जवळ करा, थांबा, मग सावकाश बाजूने निघा. चावलंच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि फेरी तिथेच संपवून त्याच रात्री दवाखाना गाठा. कुणाला खरोखर भीती बसली, श्वास भराभर चालू लागला, तर ‘काही नाही, गंमत आहे’ म्हणून हसू नका. शेपटीच्या माणसाने त्याला उजेडात, दुकानाच्या पायरीवर बसवावं, पाणी द्यावं आणि वाटेतली साधी माहिती बोलत राहावं. दहा वर्षांखालच्या मुलांना या फेरीत आणू नये. आणलीच तर खुनाचा तपशील गाळा. सरी आल्या तर देवळाच्या मंडपात गोष्टी सांगत बसू नका. आरतीला आलेल्यांना त्याचा त्रास होतो.

वाड्यात माणसं राहतात, हे विसरणं ही सर्वांत दुखावणारी चूक. दिंडी उघडी दिसली म्हणून आत शिरू नका, चौकातल्या विहिरीचा फोटो काढू नका, ‘या घरात कोण गेलं होतं हो?’ असं ओट्यावरच्या आजींना विचारू नका. कुणी रागावलं तर वाद न घालता ‘चुकलं, निघतो’ म्हणा आणि खरोखर निघा. पुढच्या वेळी दिवसा जाऊन विचारलंत, तर तेच आजोबा स्वतः चौक दाखवतील.

काही विषय फेरीत घेऊच नका. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं तेव्हा नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं; त्यात माणसं गमावलेली घरं अजून तिथेच आहेत. १९७६-७७मधल्या जोशी-अभ्यंकर हत्याकांडातली घरं दाखवणंही तसंच. स्मशान हा थांबा होऊ शकत नाही. तिथे कुणाचा तरी तो सगळ्यात वाईट दिवस असतो.

शेवटी कायदा. गोष्ट सांगणं हा गुन्हा नाही. पण महाराष्ट्राच्या २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार भुतांना आवाहन करून किंवा तशी धमकी देऊन लोकांत घबराट पसरवणं गुन्हा आहे आणि त्याला सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आहे. म्हणून मेणबत्ती, लिंबू, प्लँचेट, ‘आता त्याला बोलावू’ यातलं काही नको, आणि गटातल्या कुणाला ‘तुझ्यामागे काहीतरी लागलंय’ असं थट्टेतही म्हणू नका. पैसे घेऊन नेणारा एखादा जण असं करू लागला, तर तिथूनच परत फिरा.

फेरी खुन्या मुरलीधराशी संपते, सुरू होते शनिवारवाड्याशी. वाहनं तिकडेच राहिलेली असतात. म्हणून मेट्रोने या. जाताना कसबा पेठ स्थानक सोयीचं, परतताना मंडई. शेवटची गाडी किती वाजता आहे ते निघतानाच बघून ठेवा आणि शेवटचा थांबा तिच्या अर्धा तास आधी आटपा. दहा जण एकदम न पांगता स्थानकापर्यंत एकत्र चाला, आणि तिथे डोकी मोजा.