गाय लंगडते का, हे पाठीवरून ओळखा

गोव्यात सत्तरी-डिचोलीकडे पावसाळ्यात गोठा सतत ओला असतो. खूर मऊ पडतात आणि जांभ्या दगडाचे बारीक खडे तळव्यात रुततात. पाय उचलून धरेपर्यंत थांबलात तर उशीर झालाच म्हणून समजा.

दूध काढून झाल्यावर गाय सपाट, कडक, न घसरणाऱ्या जागेवर दहा-बारा पावले चालवा आणि बाजूने पाहा. उभी असताना पाठ सरळ, पण चालताना कमान येते? दुखणे सुरू झाले आहे. उभ्यानेही कमान दिसली, पावले आखूड पडली, तर त्याच दिवशी खूर तपासा. पुढचा दुखरा पाय टेकताना डोके वर उचलते. मागचा दुखत असेल तर खाली झुकते.

मागच्या पायाची बाहेरची नखी (खुराच्या दोन भागांपैकी बाहेरचा) आधी बघा, बहुतेक दुखणी तिथेच. खूर धुऊन दोन्ही नख्यांमध्ये सूज, चीर, कुजका वास आहे का पाहा. तळवा अंगठ्याने दाबा. गाय पाय झटकते ती जागा दुखरी. खडा दिसला तर काढा, पण खोल कोरू नका, ते पशुवैद्याचे काम. पाय टेकतच नसेल तर त्यांना लगेच बोलवा.