इथिओपियन हॉटेलात ग्लुटेन टाळून जेवायचं असेल तर

वॉशिंग्टनच्या आसपास नव्याने आलेली आपली मंडळी बाहेर जेवायला निघाली की पुन्हा पनीर आणि नानच शोधतात. सिल्व्हर स्प्रिंग किंवा अलेक्झांड्रियात राहून इथिओपियन जेवण चाखायचं नाही, हे मला पटत नाही. शाकाहाऱ्यांची एवढी सोय फार कमी ठिकाणी होते. इथिओपियन ऑर्थोडॉक्स लोकांचा बुधवारी आणि शुक्रवारी उपास असतो आणि त्यात मांस, अंडी, दूध, तूप काहीच चालत नाही. त्यामुळे मसूर, वाटाणा, कोबी-बटाटा, पालेभाजी असं भरलेलं उपासाचं ताट बहुतेक ठिकाणी मिळतं.

पण घरात कोणाला सीलिएक (गहू, बार्ली, राय यांतल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होते तो आजार) असेल तर पुढचं नीट वाचा. माझ्या मुलीला आहे, म्हणून लिहितेय.

'टेफमध्ये ग्लुटेन नसतं, इंजेरा टेफचा असतो, म्हणजे चालेल.' हे वाक्य मी प्रत्येक नव्या कुटुंबाकडून ऐकते. टेफ हे इथिओपियातलं अगदी बारीक दाण्याचं धान्य, त्यात ग्लुटेन नसतं, हे खरंच. पण इंजेरा, म्हणजे त्यांची ती आंबोळीसारखी जाळीदार भाकरी, इथे निव्वळ टेफची असेलच असं नाही. टेफ महाग पडतं, म्हणून बऱ्याच हॉटेलांत गव्हाचं किंवा बार्लीचं पीठ मिसळतात. ओळखीतल्या एका मुलाने मेनूवर 'टेफ' एवढंच वाचून पोटभर खाल्लं आणि नव्या नोकरीचा पहिला आठवडा अंथरुणात काढला. रंगावर जाऊ नका. टेफ पांढरंही असतं, त्यामुळे फिका इंजेरा शुद्ध असू शकतो आणि काळपट भेसळीचा. पीठ आंबवल्याने ग्लुटेन निघून जात नाही. आणि मेनूवरच्या 'ग्लुटेन-फ्री'वर विसंबू नका. 20 पीपीएमचा (दहा लाख भागांत 20 भागांपेक्षा कमी ग्लुटेन) अमेरिकन नियम पाकिटावरच्या लेबलासाठी आहे, स्वयंपाकघरात कोणी मोजायला बसत नाही.

म्हणून 'ग्लुटेन-फ्री आहे का?' असं विचारू नका. पाहुण्याला नाही म्हणणं त्या लोकांच्या जिवावर येतं. 'इंजेऱ्यात गहू किंवा बार्ली आहे का? विरजणाचं पाणी कुठल्या पिठातलं? तवा वेगळा आहे का?' असं विचारा. आंबवायला आदल्या घाण्याचं पाणी घालतात. ते मिश्र पिठातलं असलं, तर नवं पीठ शुद्ध टेफचं असूनही उपयोग नाही. काही हॉटेलं आदल्या दिवशी सांगितलं तर शंभर टक्के टेफचा इंजेरा करून देतात, थोडे जास्त पैसे घेऊन.

नसेल तर भात. पण नुसता भात मागवून भागत नाही. सगळ्या भाज्या एकाच मोठ्या इंजेऱ्यावर वाढतात आणि रस्सा त्यात मुरतो. तुमच्या भाज्या वेगळ्या वाट्यांत, स्वच्छ चमच्यासह मागा. कोणी प्रेमाने 'गुर्शा' म्हणजे घास भरवायला हात पुढे केला, तर त्या हाताने नुकताच इंजेरा तोडलेला असतो. बसतानाच सांगून ठेवा, कोणी रागावत नाही.

सांबुसा (त्यांचा समोसा), फिरफिर (मसाल्यात कालवलेले इंजेऱ्याचे तुकडे), चेचेब्सा (बहुधा गव्हाच्या पोळीचे परतलेले तुकडे) वर्ज्य. शिरो, म्हणजे त्यांचं पिठल्यासारखं कालवण, बहुतेक हरभऱ्याच्या किंवा इतर कडधान्याच्या पिठाचं असतं, तरी मसाल्यात पीठ आहे का ते विचारा. कॉफीबरोबर मक्याच्या लाह्या आल्या तर खा, भाजलेला 'कोलो' नको, त्यात बार्ली असते. 'तेला' नावाची घरगुती बिअरही नको.

'चिमूटभराने काय होतंय' म्हणणारे आपल्यातलेच असतात, इथिओपियन नव्हे. याच मंडळींच्या डब्यातल्या हिंगात अनेकदा गव्हाचं पीठ असतं, तेवढं त्यांच्या घरी जेवायच्या आधी पाकिटावर वाचून घ्या.

शनिवारी रात्री गर्दीत हे प्रश्न विचारून काही हाती लागत नाही. आठवड्याच्या मधल्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास फोन करा आणि वेटरऐवजी इंजेरा करणाऱ्या बाईंशी बोलायला मागा. त्यांनी 'बहुतेक नसेल' म्हटलं, तर भातच मागवा.