अबोला सोडवायला पहिला फोन कुणाला करायचा

बाबा ठाण्याच्या नौपाड्यातले, बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले. माझे सासरे, मी त्यांना मामा म्हणते, तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी. 30 वर्षं त्यांनी 50 किलोच्या गोण्या पाठीवर वाहिल्या. लग्नानंतर बाबा माझ्याशी पाच वर्षं बोलले नाहीत. आमच्या कोपरखैरण्याहून ठाण्याला लोकलनं अर्धा तासही लागत नाही, तरी पाच वर्षं. तुमच्याकडेही असं झालं असेल, तर माझ्या चुकांसकट सांगते.

पहिला फोन वडिलांना नको. ज्याचं ते ऐकतात, पण लग्नाच्या भांडणात जो पडला नव्हता, असा माणूस शोधा. मी आधी मोठ्या काकांना मध्ये घातलं. "पोरगा हुशार आहे, घरचे कसेही असोत," असं ते बाबांना सांगून आले. नवऱ्याच्या कानावर गेलं आणि आमच्याच घरात आठवडाभर कुणी नीट जेवलं नाही. मध्यस्थाला आधीच बजावा : सासरच्यांना कमी लेखून माझी बाजू मांडायची नाही. पुढे धाकट्या आत्यानं ते सांभाळलं.

वडिलांशी बोलायची वेळ आली की लग्नाचा विषय काढू नका, काहीतरी कामाचं विचारा. मी विचारलं, "आईची बीपीची गोळी बदलली का?" बाबा "हो" म्हणाले आणि फोन ठेवला. मी रडले, पण पंधरा दिवसांनी परत केला. चौथ्या फोनला त्यांनीच विचारलं, "पावसात तुमच्याकडच्या गाड्या चालू आहेत ना?"

नातवंडाला पुढे करून दार उघडायला लावू नका. दार उघडलं नाही तर ते पोराच्या मनात राहतं.

एक कागदाची गोष्ट. रागाच्या भरात "मला काही नको" म्हणून हक्कसोडपत्रावर सही करू नका. हिंदू कुटुंबात 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, तो लग्नानं जात नाही. वडिलांनी स्वतः कमावलेलं मात्र ते कुणालाही देऊ शकतात. हा विषय समेटाच्या बोलण्यात आणूच नका.

पहिली भेट कुणाच्याच घरी नको. मान फक्त श्रीमंत बाजूलाच असतो असं समजू नका. मामा स्पष्ट म्हणाले होते, "त्यांच्या दारात मी चपला काढून उभा राहणार नाही." म्हणून आम्ही ठाण्यातली तलावपाळी ठरवली, रविवारी सकाळी सात वाजता. बाबा तसेही रोज तिथे फिरायला येतात, त्यामुळे कुणी कुणाकडे गेलं असं झालं नाही.

मामांनी जावळीच्या शेतातला तांदूळ आणला होता, पाच-सहा किलो, कापडी पिशवीत. बाकावर बसल्यावर पिशवी खाली ठेवेनात. धान्य आहे, जमिनीवर कसं ठेवायचं. मांडीवर धरून बसले. दहा मिनिटं दोघं मेट्रोच्या कामावर बोलले. मग बाबांचं लक्ष मामांच्या मानेकडे गेलं, जिथं गोण्यांनी कातडी जाड होऊन काळी पडली आहे. ते काही बोलले नाहीत. दोन्ही हात पुढे करून पिशवी घेतली आणि निघेपर्यंत स्वतःच्या मांडीवर ठेवली.

अशी भेट झाली की लगेच जेवणाचं आमंत्रण देऊ नका, महिनाभर जाऊ द्या. आणि पहिलं जेवण गरीब बाजूच्या घरी ठेवा. उलटं केलंत तर तिथं ते पाहुणे न होता उपकाराखाली दबलेले होतात. त्या दिवसासाठी हप्त्यावर सोफा आणू नका. आत्यांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, सतरंजी अंथरली, पिठलं आणि बाजरीची भाकरी केली. बाबांना गुडघ्यामुळे खाली बसता येत नाही, म्हणून शेजारून एक खुर्ची मागून आणली. तेवढी तयारी मात्र करा.