हातोडा पडण्याआधी: जुन्या वस्तूंच्या लिलावात बोली कशी लावावी

लिलावात मी घेतलेली पहिली मोठी वस्तू म्हणजे लिहिण्याचं एक टेबल. वर उघडणारं झाकण, आत छोटे छोटे कप्पे, खाली तीन खण. घरी आणलं, दुसऱ्या दिवशी सकाळच्या उजेडात भिंतीपासून पुढे ओढलं आणि पाठीमागे बघितलं. वरच्या भागाची फळी हाताने रंधलेली, खालच्या भागावर गोल करवतीच्या कमानीसारख्या खुणा. दोन वेगवेगळ्या टेबलांचं कोणीतरी लग्न लावून दिलं होतं. या धंद्यात अशा जोडीला खरोखरच लग्न म्हणतात.

मला कोणी फसवलं नव्हतं. कॅटलॉगात ‘लिहिण्याचे टेबल’ एवढंच छापलं होतं, शतक मी मनाने जोडलं होतं. लिलावाच्या आदल्या दिवशी ते टेबल माझ्यासमोर होतं आणि माझ्याकडे दोन तास होते. पण त्यावर पितळी दिव्यांची रांग मांडलेली होती आणि ‘जरा हे दिवे उचलता का’ असं सांगायला मला संकोच वाटला. तो संकोच मला बराच महाग पडला.

पहिला लिलाव नुसता बघायला जा

नाव नोंदवू नका, पॅडल (बोली लावताना वर करायची नंबराची पाटी) घेऊ नका. कॅटलॉग आणि पेन्सिल घेऊन मागे बसा आणि प्रत्येक लॉटसमोर, म्हणजे विक्रीला काढलेल्या प्रत्येक नंबरी वस्तूसमोर, हातोडा कितीवर पडला ते लिहा. तासाला 60 ते 100 लॉट सहज निघतात, म्हणजे एका वस्तूच्या वाट्याला मिनिटभरही येत नाही. ‘तिथे बसून ठरवू’ म्हणणाऱ्याला ठरवायला वेळच नसतो, हे एकदा डोळ्यांनी बघितलं की पटतं.

कॅटलॉगातले शब्द तोलून वाचा

‘18व्या शतकातील खुर्ची’ आणि ‘18व्या शतकाच्या शैलीतील खुर्ची’ यांत शे-दोनशे वर्षांचं अंतर असू शकतं. चित्रांचंही तेच. चित्रकाराचं नुसतं नाव दिलं असेल तर लिलाव घर त्या नावामागे उभं आहे. ‘यांचे असावे’ म्हटलं की एक पाऊल मागे, ‘यांच्या शैलीत’ म्हटलं की आणखी मागे आणि ‘यांच्या चित्रावरून’ म्हणजे सरळ नक्कल. जे लिहिलेलं नाही तेही वाचा. वर्णनात काळ नसेल, तर तो विसरून राहिलेला नसतो.

वस्तूसमोर छापलेल्या अंदाजाच्या दोन आकड्यांवर फार जीव टाकू नका. खालचा आकडा बऱ्याचदा गिऱ्हाइकाला आत ओढण्यासाठी मुद्दाम कमी ठेवलेला असतो. त्याचा एक उपयोग मात्र आहे. विकणाऱ्याने ठरवलेली गुप्त राखीव किंमत (जिच्या खाली वस्तू विकायची नाही) सहसा या खालच्या आकड्याच्या वर नसते.

पाहणीचा दिवस

बहुतेक हौशी माणसं नेमका हाच दिवस चुकवतात. लिलावात वस्तू ‘आहे त्या स्थितीत’ विकतात. तडा, कीड, बदललेला पाय, सगळं तुमच्या पदरात पडतं. म्हणून बॅटरी, भिंग, मोजपट्टी आणि छोटं लोहचुंबक खिशात टाका. उचलायला सांगा, उलटं करायला सांगा, खण काढू का विचारा. तिथली माणसं त्यासाठीच उभी असतात.

फर्निचरची दर्शनी बाजू सगळ्यात शेवटी बघा. मेकअप तिथेच केलेला असतो. पाठ, तळ आणि खणांच्या आतल्या बाजू यांच्या वाटेला सहसा कोणी जात नाही. एक खण पूर्ण बाहेर काढा. पुढची फळी आणि बाजूची फळी जिथे एकमेकींत अडकतात तिथले पंख्याच्या आकाराचे दात बघा. हाताने कापलेले असतील तर कमी-जास्त रुंदीचे असतात आणि त्यांच्या बुडाशी सुताराने खुणेसाठी ओढलेली बारीक रेघ पुष्कळदा तशीच राहिलेली असते. सगळे दात एकसारखे असतील तर काम यंत्राचं. मग खणाच्या खालच्या कडांवरून बोट फिरवा. वर्षानुवर्षं सरकून त्या झिजलेल्या हव्यात, आणि चौकटीत जिथे त्या घासतात तिथेही तशीच झीज हवी. एकीकडे आहे आणि दुसरीकडे नाही, म्हणजे खण पाहुणा आहे.

स्क्रूही बोलतात. टोकदार स्क्रू 19व्या शतकाच्या मध्यापासून सर्रास झाले, त्याआधीचे टोकाला बोथट असत. डोक्यावर फुली असलेले स्क्रू तर 1930च्या दशकापासूनचे. असा एखादाच सापडला तर ती दुरुस्ती समजा. सगळेच तसे निघाले तर आणखी काही बघायची गरज नाही.

माझी आवडती परीक्षा गोल टेबलाची. लाकूड वाळताना रेषांच्या आडव्या दिशेने आकसतं, उभ्या दिशेने जवळजवळ नाहीच. त्यामुळे भरीव फळ्यांचं, खरोखर जुनं गोल टेबल आता अगदी गोल राहिलेलं नसतं. मोजपट्टी एकदा रेषांच्या दिशेने लावा, एकदा आडवी. आडवं माप थोडं कमी भरलं तर बरं वाटू द्या. दोन्ही मापं तंतोतंत जुळली तर खाली वाकून आणखी बारकाईने बघा. लाकडातल्या किडीच्या भोकांना घाबरायचं कारण नाही, भोकांखाली ताजा भुसा सांडलेला दिसला तर घाबरा.

चिनी मातीचं भांडं तळहातावर तोलून कडेला हलकी टिचकी मारा. धड असेल तर खणखणीत वाजतं, तडा असेल तर बद्द. मग डोळे मिटून कडेवरून बोट फिरवा. बुजवलेला टवका डोळ्यांना दिसत नाही, पण बोटाला तिथे जरा मऊ, जरा कमी गार लागतं. तळाशी असलेल्या राजमुद्रेवर भाळू नका. कांगशी बादशहाच्या काळातल्या (1662 ते 1722) कारागिरांनी कितीतरी भांड्यांवर दोनशे वर्षं आधीच्या चेंगहुआ बादशहाची मुद्रा लिहिली. कधी आदरापोटी, कधी गिऱ्हाइकासाठी. चांदीच्या बाबतीत शिक्के भिंगाखाली वाचा आणि नक्षीचे उंचवटे बघा. तिथे तांबूस झाक दिसली तर तो नुसता मुलामा. लोहचुंबक चिकटलं नाही म्हणून ती चांदी ठरत नाही; पितळेलाही ते चिकटत नाही.

हस्तिदंत किंवा कासवाच्या कवचाचं काम असेल तर आधी कायदा विचारा, मग किंमत. धोक्यात आलेल्या प्राण्यांच्या व्यापारावरचा ‘साइट्स’ हा आंतरराष्ट्रीय करार 1975 पासून लागू आहे. हौसेने घेतलेली डबी सीमेवर अडकून पडू शकते.

हातोड्याचा आकडा आणि बिलाचा आकडा

लंडनमध्ये सदबीज 1744 पासून आणि क्रिस्टीज 1766 पासून, ही दोन लिलाव घरं लिलाव करत आली, पण तिथे खरेदीदाराकडून वेगळं कमिशन घ्यायची पद्धत दोघांनी 1975 मध्ये आणली. तेव्हा ते 10 टक्के होतं. आज अनेक ठिकाणी 25 टक्के किंवा त्याहून जास्त आहे. त्यावर कर, शिवाय पॅकिंग आणि वाहतूक.

समजा कमिशन 25 टक्के आहे आणि सगळ्या रकमेवर 10 टक्के कर आहे. हातोडा 100वर पडला, तर बिल होतं 137.50. म्हणून गणित उलटं करा. एकूण 100 खर्चायचे आहेत आणि वाहतुकीला 10 लागणार आहेत, तर उरले 90. त्याला 1.375 ने भागा, साधारण 65 येतात. खिशात 100 असलेल्या माणसाचा हात 65वर खाली यायला हवा. कर नेमका कशावर लागतो ते नियमांच्या पानावर बघा आणि आलेला आकडा कॅटलॉगात लॉटसमोर शाईने लिहा. पेन्सिलीने लिहिलेलं हॉलमध्ये खोडता येतं.

हा आकडा थोडा कंजूषच का ठेवावा, तेही सांगतो. 1971 मध्ये केपन, क्लॅप आणि कॅम्पबेल या तीन पेट्रोलियम अभियंत्यांनी तेलाच्या जमिनींच्या लिलावांवर एक निबंध लिहिला. वस्तूची किंमत कोणालाच नक्की ठाऊक नसते, प्रत्येकाचा आपापला अंदाज असतो, आणि जिंकतो तो ज्याचा अंदाज सगळ्यांत वर गेला तो. म्हणजे बहुधा चुकलेलाच. याला ‘विजेत्याचा शाप’ म्हणतात. तेलाच्या विहिरीचं जे, तेच फुलदाणीचं.

हॉलमध्ये

मागच्या बाजूला, कडेला उभे राहा. पुढे बसलात तर फक्त लिलाव करणारा दिसतो, मागून इतर बोली लावणारेही दिसतात. आणि लिलाव करणाऱ्याची नजर कुठे जाते ते बघत राहा. राखीव किमतीपर्यंत विकणाऱ्याच्या वतीने बोली पुकारायची मुभा त्याला पुष्कळ ठिकाणी असते. त्या बोली हॉलमधल्या कोणाच्याच नसतात. ‘झुंबराची बोली’ हे नाव त्यावरूनच पडलं, कारण त्या वेळी तो झुंबराकडे बघत असतो. तेव्हा सुरुवातीच्या गर्दीला भुलू नका. पॅडल एकदा ठळक वर करा, त्याची नजर तुमच्यावर आली की पुढच्या वेळी मान हलवली तरी चालते.

बोली ठरलेल्या टप्प्यांनी चढते, साधारण पाच-दहा टक्क्यांच्या. इथे एक गंमत होते, तिचा विचार घरीच केलेला बरा. समजा टप्पा 5चा आहे आणि तुमची मर्यादा 65. तुमची बोली 60वर पडली, समोरच्याची 65वर. आता तुमच्या वाट्याला येतो 70. यालाच पाय चुकणं म्हणा. एक टप्पा जास्त जायचं की नाही हे आदल्या रात्रीच ठरवून ठेवा, आणि तो टप्पा एकदाच वापरा. बरेच लोक गोल आकड्यावर थांबतात, त्यामुळे मर्यादा गोल आकड्याच्या एक टप्पा वर ठेवलेली फायद्याची पडते.

एकदम मोठी उडी मारून समोरच्याला घाबरवायचा मोह होईल. इसवी सन 193 मध्ये रोमच्या शाही पहारेकऱ्यांनी साम्राज्यच लिलावात काढलं होतं. समोरचा दर शिपायामागे 20,000 नाण्यांवर पोहोचला होता, डिडियस ज्युलियानसने एकदम 25,000 पुकारले आणि रोम मिळवलं. 66 दिवसांनी त्याचा खून झाला. तुमचं एवढं होणार नाही, पण एकदम पाच पायऱ्या चढल्यावर, कदाचित दोनच पुरल्या असत्या का, हे कधीच कळत नाही.

तुमच्याविरुद्ध शेवटपर्यंत उभा असलेला माणूस जुन्या वस्तूंचा व्यापारी असेल तर जरा निश्चिंत व्हा. त्याला ती वस्तू नफ्यावर विकायची आहे. त्याच्यापेक्षा एक टप्पा जास्त देऊनही तुम्ही दुकानातल्या किमतीच्या खालीच असता. पण तुमच्यासारखीच दोन हौशी माणसं इरेला पेटली असतील, तर पॅडल मांडीखाली ठेवून बसा. मी बसतो. स्वतःवर भरवसाच नसेल तर आदल्या दिवशी कमाल बोली लिहून देऊन घरी जा. पुस्तकात नोंदवलेली बोली लिलाव घराची माणसं तुमच्या वतीने लावतात, आणि वस्तू त्याहून कमीत मिळत असेल तर कमीतच देतात.

हातोडा पडल्यावर

तिसरा वार झाला, हातोडा पडला की करार पक्का. मन बदललं म्हणून परत करता येत नाही. त्याच क्षणापासून वस्तू फुटण्या-हरवण्याचा धोकाही काही ठिकाणी तुमचा असतो, म्हणून विमा आणि उचलण्याची मुदत आधीच विचारून ठेवा. मुदत टळली की रोजचं भाडं चढायला लागतं.

आणि लगेच निघू नका. राखीव किंमत न गाठल्यामुळे परत गेलेले लॉट दरवेळी असतातच. हॉल रिकामा झाला की खिडकीवर जाऊन लॉटचा नंबर सांगा आणि आपला आकडा कागदावर लिहून द्या. वस्तू परत न्यायचा खर्च विकणाऱ्यालाही नको असतो. तासाभरापूर्वी ‘नाही’ म्हणालेला माणूस तेव्हा पुष्कळदा फोनवर ‘हो’ म्हणतो.