रोड बाइकला गिअर दाखवणारी खूण : माझा अनुभव

वाघबीळ सोडून पन्हाळ्याच्या चढाला लागलं की मागं हलका गिअर अजून शिल्लक आहे का, हे कळणं फार गरजेचं असतं. माझ्या ९ स्पीडच्या सोरा शिफ्टरवर (हँडलवरचा गिअर बदलायचा खटका) आकडा दिसत नाही. मान वळवून कॅसेट (मागच्या चाकावरच्या चक्र्यांचा संच) बघावी, तर वरून येणाऱ्या एसटीपुढं सायकल हलते. ते मला धोक्याचं वाटतं.

माझ्या फ्रेमवर मागच्या गिअरची वायर डाउन ट्यूबच्या (हँडलकडून पॅडलकडं उतरणाऱ्या नळीच्या) कडेनं उघडी जाते. मोठ्या चक्रीकडं, म्हणजे हलक्या गिअरकडं जाताना शिफ्टर दर क्लिकला सुमारे २.५ मिमी वायर ओढतो. म्हणजे ८ क्लिकना साधारण २० मिमी. एवढी हालचाल वरून सहज दिसते!

सायकल स्टँडवर घेतली, चेन सगळ्यात लहान चक्रीवर आणली. वायर स्पिरिटनं पुसून हँडलजवळच्या, नजरेत येणाऱ्या भागावर नेलपॉलिशचा ठिपका दिला. ठिपक्याच्या वर २० मिमीहून जास्त वायर मोकळी हवी, नाहीतर ठिपका केबल स्टॉपमध्ये (वायरचं कव्हर फ्रेमला जिथं टेकतं तिथं) शिरून खरवडतो. मग पॅडल फिरवत एकेक गिअर बदलला आणि ट्यूबवर चिकटवलेल्या कागदी पट्टीवर ठिपक्यासमोर रेघ मारली. वरून पारदर्शक टेप.

आकडे लिहिले नाहीत. चालवताना वाचता येत नाहीत. सगळ्यात वरची रेघ तेवढी लाल केली. ठिपका लालवर, म्हणजे सगळ्यात हलका गिअर लागलेला. वायर बदलली की ठिपका नव्यानं द्यायचा. वायर फ्रेमच्या आतून जात असेल, तर हा उपाय चालणार नाही.