आधी काठीची सावली मोजा, मग वर्गात जा

सहावी ते आठवीच्या वर्गात प्रश्नांतून विज्ञान कसं शिकवायचं, याची तयारी करून घ्यायची असेल तर पहिल्या दिवशी भाषण ठेवू नका. मी ठेवलं होतं. नागपुरात 28 वर्षं शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले आणि पहिल्याच कार्यशाळेत दोन तास बोलले. मंडळींनी सुवाच्य अक्षरात सगळं उतरवून घेतलं आणि सोमवारी आपापल्या वर्गात जाऊन तसंच मुलांना उतरवून दिलं.

आता मी जोड्या लावते: एक एमएस्सीचा विद्यार्थी, एक शाळेतला शिक्षक. दोन एमएस्सीवाले शेजारी बसले की समीकरणं निघतात. दोन शिक्षक बसले की बदल्यांचा विषय निघतो (मीही तेच केलं असतं).

मुहूर्त डिसेंबरअखेरचा. ऊन सोसवतं आणि आकाश मोकळं असतं. नागपुरात सावली नाहीशी होण्याचा दिवस मेच्या शेवटच्या आठवड्यात येतो, तेव्हा शाळेला सुट्टी. दुसऱ्यांदा जुलैच्या मध्यावर येतो, तेव्हा ढग. म्हणून डिसेंबरच बरा.

प्रत्येक जोडीला एक मीटरची काठी, सुतळी, खडू आणि ओळंबा द्या. प्रश्न एकच: आज सूर्य सगळ्यात उंच किती वाजता येईल? सगळे म्हणतात, बाराला. ठीक, मोजा म्हणावं. दर दहा मिनिटांनी सावलीचं टोक खडूनं टिपायचं. बारा वाजतात आणि सावली काही वाढायचं नाव घेत नाही. ती 98 सेंटिमीटरच्या आसपास रेंगाळते. टोक धूसर, त्यामुळे एक जण 98 म्हणतो, दुसरा 99. इथून खरं भांडण सुरू होतं आणि ते होऊ द्यायचं. एमएस्सीवाल्यानं मोबाइल काढला तर तो पिशवीत ठेवायला लावा.

मागे एका शिक्षिकेला तोडगा सुचला. लहानात लहान सावली पकडता येत नाही ना, मग सारख्या लांबीच्या दोन सावल्या पकडू. साडेदहाला टोकावर खूण करून काठीभोवती तेवढ्याच त्रिज्येचं वर्तुळ काढलं होतंच. दुपारी 1.58 ला टोक पुन्हा त्याच वर्तुळाला टेकलं. दोन्ही वेळांचा मध्य 12.14. आपल्या जुन्या ज्योतिषग्रंथांत शंकूनं, म्हणजे अशाच उभ्या काठीनं, दिशा काढायची रीतही हीच, पण ते मी तिला नंतर सांगितलं.

ही 14 मिनिटं कुठून आली? भारताची घड्याळं 82.5 अंश रेखांशावर लावलेली, नागपूर साधारण 79.1 वर, आणि पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात. हे तुम्ही सांगायचं नाही. नकाशा टेबलावर पसरून ठेवा आणि चहाला जा.

गप्प राहणं ही या तयारीतली सगळ्यात अवघड गोष्ट. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेनं 1970 च्या दशकात दाखवलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरं लांबतात आणि जास्त मुलं बोलतात. आम्ही मनात मोजतो: एक संत्रं, दोन संत्री, तीन संत्री. सराव पाठात जोडीदारानं मागे बसून हे मोजायचं. एमएस्सीची मुलं पहिल्या संत्र्यावरच फुटतात.

पाठ टाचणात मी एकच बदल करायला लावते. ‘अपेक्षित उत्तर’ या रकान्याशेजारी ‘मुलं आणखी काय म्हणतील’ असा रकाना आखायचा. तो शिक्षक भरतात, कारण वर्ग त्यांना ठाऊक असतो. विषयाची चूक एमएस्सीवाला पकडतो.

हे काही नवं नाही. इटारसीच्या पलीकडे होशंगाबादला 1972 मध्ये सुरू झालेल्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात शिक्षकांना मुलांचे प्रयोग आधी स्वतः करावे लागत, आणि परीक्षाही पुस्तक उघडं ठेवून होत असे. कार्यक्रम 2002 मध्ये बंद झाला. आपल्याकडे परीक्षा तशी नाही, म्हणून पोर्शनचं काय, हा प्रश्न येणारच. माझं उत्तर: महिन्याला असा एकच पाठ घ्या, पण पूर्ण घ्या.

शेवटी प्रत्येकानं आपल्या वर्गातल्या पोट्ट्यांचा एक प्रश्न जसाच्या तसा लिहून आणायचा. मागच्या खेपेला सातवीतल्या मुलीचा आला: “मॅडम, कूलर उन्हाळ्यात थंड हवा देते, मंग पावसाळ्यात चिकचिक काऊन करते?” एका एमएस्सीवाल्यानं तोंड उघडलं. जोडीदारानं तीन बोटं दाखवली. तो थांबला, कपाटातून दोन तापमापक काढले, एकाच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळलं आणि विचारलं, “जुलैपर्यंत रोज नोंद कोण ठेवेल?”